रक्तातील 'चांगले' कोलेस्टेरॉल

कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावीही आता रक्ततपासणीचा कागद लोकांच्या हाती पडतो. त्यात एकूण कोलेस्टेरॉलच्या खाली 'एच. डी. एल.' असा आकडा असतो. बाकीचे आकडे कमी असावेत आणि हा तेवढा जास्त असावा, असे डॉक्टर सांगतात. हा उलटा न्याय कोठून आला, ते पाहू.

कोलेस्टेरॉल रक्तात विरघळत नाही. शरीर त्याला प्रथिनांच्या वेष्टनात घालून फिरविते. १९५० च्या सुमारास अमेरिकेत गॉफमन यांनी रक्तद्रव अतिवेगाने फिरणाऱ्या यंत्रात घातला. ताक घुसळताना लोणी वर यावे, तसे हलके कण जड कणांपासून निराळे झाले. हलके कण रोहिणीच्या भिंतीत कोलेस्टेरॉल साठवितात. जड कण, म्हणजेच एच. डी. एल., ते उचलून यकृताकडे परत नेतात. बाजारातून परतणारी गाडीच म्हणा ना!

हृद्रोग्यांत हे जड कण कमी असतात, असे बार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ सालीच दाखविले होते. पण पंचवीस वर्षे तिकडे फारसे कोणी पाहिले नाही. १९४८ पासून फ्रेमिंगहॅम गावी चाललेल्या पाहणीने १९७७ साली तेच सांगितले, तेव्हा कोठे जग जागे झाले.

मग औषधाने आकडा वाढवू, असे कंपन्यांना वाटले. टॉर्सेट्रापिब या औषधाने तो खूप वाढलाही. परंतु ते घेणाऱ्यांत मृत्यू अधिक झाले आणि डिसेंबर २००६ मध्ये प्रयोग थांबवावा लागला. २०१२ साली असेही दिसले, की ज्यांचा आकडा केवळ अनुवंशाने जास्त, त्यांना हृदयविकार काही कमी होत नाही. तेव्हा हा आकडा म्हणजे एक खूण. तो कमी असला, की मागे बहुधा वाढलेले पोट, मधुमेह किंवा तंबाखू सापडते.

आता आपल्या घरचे पाहा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत महाराष्ट्रासह चार प्रदेशांतील शहरे व खेडी होती. तिचे निष्कर्ष २०१४ साली आले. एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले लोक शेकडा १४, एच. डी. एल. कमी असलेले मात्र शेकडा ७२! पुरुषांत ४० च्या खाली आणि स्त्रियांत ५० च्या खाली म्हणजे कमी. नुसता एकूण आकडा पाहून निश्चिंत होणारा माणूस फसतो तो इथेच.

गुरुजींनी एक वजाबाकी करून पाहावी. एकूण १९०, एच. डी. एल. ३२, बाकी १५८. ही बाकी साधारणपणे १३० च्या आत असावी असे मानतात. मधुमेह किंवा पूर्वीचा हृदयविकार असेल, तर डॉक्टर ती मर्यादा आणखी खाली आणतात.