शिवेपलीकडचा गुन्हा



सोनारीच्या भैरवनाथाच्या यात्रेला जी माणसे येत, त्यांतील पुष्कळांना पूर्वी एक सरहद्द ओलांडावी लागे. परांडा तालुका निजामाच्या राज्यात. शेजारचे करमाळा आणि बार्शी हे तालुके इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. वाटेत देव बदलत नसे, भाषा बदलत नसे, जोंधळ्याचे रानही बदलत नसे. बदले तो कायदा. आणि त्याबरोबर गुन्हा कशाला म्हणावयाचे, हेही बदले.

आज आपण जमलो आहो तशी सभाच घ्या. निजामी अमदानीत ‘गश्ती निशाण ५३’ या हुकुमाने पूर्वपरवानगीवाचून जाहीर सभा भरवण्यास मनाई होती. म्हणजे वक्ता आणि चिटणीस दोघेही गुन्हेगार! १९३८ साली वसतिगृहाच्या प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हटले म्हणून उस्मानिया विद्यापीठाने विद्यार्थ्यांना काढून टाकले. त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने सन्मानाने प्रवेश दिला. १५ ऑगस्ट १९४७ रोजी बार्शीत तिरंगा लावणे हा उत्सव होता, आणि तोच तिरंगा चार कोसांवर संस्थानात लावणे हा राजद्रोह होता. स्वामी रामानंद तीर्थांना त्याच दिवशी अटक झाली. पुढे १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली आणि कालचे आरोपी स्वातंत्र्यसैनिक ठरले.

कोणी म्हणेल, ही राजकारणाची गोष्ट झाली. नीतिअनीतीचे गुन्हे तरी सर्वत्र सारखेच असतील. तसेही दिसत नाही. पेशवाईत गोवध हा घोर अपराध होता. व्यभिचारास कागदपत्रांत ‘बदकर्म’ म्हणत, आणि त्यापायी स्त्रीला सरकारची कुणबीण, म्हणजे दासी, करून कामास लावल्याच्या नोंदी सापडतात. (गंमत अशी, की ज्या शब्दाने आपण आज अपराधांचे प्रमाण सांगतो तो ‘गुन्हेगारी’ हा शब्द त्या काळी दंडाच्या रकमेलाही लावीत. अपराध हे सरकारी उत्पन्नाचे एक कलम होते!) १ जानेवारी १८६२ पासून भारतीय दंडसंहिता अंमलात आली. तिच्या ४९७व्या कलमाने पारडे अगदी उलटे केले. शिक्षा परपुरुषाला, तीही पतीच्या तक्रारीवरून. स्त्रीला मुळीच नाही. हे औदार्य नव्हे, बायको ही नवऱ्याची मालमत्ता मानल्याचा तो परिणाम होता. २७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच रद्द केले. कृत्य एक, आणि तीन अमदानींची तीन उत्तरे.

परंतु इतके सारे बदलूनही एक गोष्ट गृहीत होती : गुन्हा म्हणजे काहीतरी केलेले असले पाहिजे. ते गृहीतही १८७१ साली मोडले. त्या वर्षीच्या गुन्हेगार जमाती कायद्याने एखादी संपूर्ण जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारला दिला, आणि त्या जाहीरनाम्याविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची सोय ठेवली नाही. प्रथम तो उत्तरेत लागू झाला. १९११ च्या कायद्याने सबंध ब्रिटिश हिंदुस्थान, म्हणजे मुंबई इलाखाही, त्याच्या कक्षेत आला. पारधी, कैकाडी, भामटे, कंजारभाट, बेरड, रामोशी... जन्म झाला की नाव नोंदले जाण्याची व्यवस्था.

यांतील रामोशी आणि बेरड यांचा इतिहास विशेष मनास लागतो. जुन्या गावगाड्यात त्यांच्याकडे पुष्कळ ठिकाणी राखण असे. चोरी झाली की पावलांचा माग काढीत तो दुसऱ्या गावच्या शिवेपर्यंत पोचवावयाचा. माग पोचवता आला नाही, तर नुकसान रखवालदाराने भरून द्यावयाचे. पुढे सरकारी पोलीस आला, राखणीचे हक्क गेले, आणि चोर पकडणाराच्या नातवाला हजेरी लागली. राखणदाराचा चोर करण्यास त्याच्या अंगच्या दुर्गुणाची गरज नव्हती. कागद पुरेसा होता.

सोलापुरास अशा जमातींसाठी तारेच्या कुंपणाची वसाहत होती. आतील माणसांनी गिरणीत कामास जावे आणि नियमाने हजेरी द्यावी. कामाला लावून माणूस सुधारतो, असा चालकांचा विश्वास होता. तो सर्वस्वी खोटा होता असे मी म्हणणार नाही. शाळा निघाल्या, हाताला काम मिळाले. पण ज्याने काही केलेच नाही त्याला कशातून सुधारावयाचे, हा प्रश्न त्या तारेच्या आत कोणी विचारला तर त्याला उत्तर नव्हते.

देश स्वतंत्र झाला, तरी तो कायदा लगेच गेला नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला. म्हणजे या लोकांचे स्वातंत्र्य पाच वर्षे आणि सोळा दिवस उशिरा आले. ‘विमुक्त’ हे नाव तेव्हापासूनचे. पाठोपाठ १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. त्यात निदान जमात नव्हे, तर माणसाची शिक्षा पाहावयाची होती. कागदावर हा फरक मोठा आहे. पालावर तो पोचण्यास वेळ लागतो; गावात चोरी झाली की पोलिसाची पहिली फेरी अजूनही पारध्याच्या पालाकडे निघते, आणि सोलापुरात त्या वस्तीचे नाव लोकांच्या तोंडी आजही ‘सेटलमेंट’ असेच आहे.