काचपेटीतील जलवनस्पती : ओळख आणि अभिवृद्धी यांचा इतिहास

गोड्या पाण्याच्या काचपेटीत मासे ठेवणे हा आज सर्वपरिचित छंद आहे. त्या पेटीत लावलेल्या जिवंत वनस्पतींकडे मात्र सामान्यतः शोभेची वस्तू म्हणूनच पाहिले जाते, आणि विद्यापीठीय अभ्यासातही त्यांना क्वचितच स्थान मिळते. वास्तविक पाहता गेल्या पावणेदोनशे वर्षांत या वनस्पतींनी वनस्पतिशास्त्रापुढे दोन मूलभूत प्रश्न सातत्याने उभे केले आहेत. पहिला प्रश्न ओळखीचा : फुले नसलेली, पाण्याच्या गुणधर्मानुसार रूप पालटणारी वनस्पती नेमकी कोणती हे कसे ठरवावे ? दुसरा अभिवृद्धीचा : एका तुकड्यापासून असंख्य रोपे निर्माण करण्याचे जे सामर्थ्य छंदप्रेमीला वरदान वाटते, तेच पेटीबाहेर गेल्यावर काय करते ? हे दोन प्रश्न वस्तुतः एकमेकांत गुंतलेले आहेत, हे काही ऐतिहासिक उदाहरणांच्या आधारे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

१. काचपेटीचा उदय

वनस्पती हवा शुद्ध करते ही कल्पना जोसेफ प्रीस्टली याच्या १७७१ मधील पुदिन्यावरील प्रयोगापासून रूढ झाली. १७७९ मध्ये यान इंगेनहाउझ याने पाण्यात बुडविलेल्या पानांवर सूर्यप्रकाशात बुडबुडे जमतात व अंधारात ही क्रिया थांबते असे दाखविले. यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी लंडनमधील वैद्य नॅथॅनिएल वॉर्ड याला बंद काचपात्रात नेचे आपोआप वाढताना आढळले. १८४२ मध्ये त्याने या विषयावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि वनस्पती जहाजावरून दूरदेशी नेण्यासाठी त्याच्या काचपेट्या वापरात आल्या. १८४५ मध्ये ब्रिटनमधील काचेवरील कर रद्द झाल्याने काच स्वस्त झाली. अशा रीतीने विचार आणि साहित्य दोन्ही तयार झाल्यावर रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाचा प्रयोग घडून आला.

वॉरिंग्टनने पाण्याच्या पात्रात वाळू व गोटे घालून दोन लहान सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया स्पायरॅलिस ही वनस्पती ठेवली. प्रारंभी सर्व ठीक चालले. पुढे मात्र जुनी पाने कुजून पाणी गढूळ झाले. तेव्हा त्याने तळ्यातील गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाऊन टाकली आणि पाणी पुन्हा निवळले. १८५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधाने मासा, वनस्पती आणि गोगलगाय यांच्या परस्परावलंबी समतोलाची कल्पना जगापुढे मांडली. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस याच्या पुस्तकाने ‘अ‍ॅक्वेरियम’ हे नाव रूढ केले. जर्मनीत एमिल रॉसमेसलर याच्या १८५६ मधील लेखाने गोड्या पाण्याच्या पेटीची आवड सर्वसामान्य घरांत नेली.

वॉरिंग्टनच्या समतोलात एक मोठी उणीव राहिली होती, ती म्हणजे सूक्ष्मजंतूंची. माशांच्या उत्सर्गातील अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जंतू तेव्हा अज्ञात होते. या द्विस्तरीय क्रियेवर महत्त्वाचे संशोधन करणाऱ्यांत रॉथम्स्टेड येथील रॉबर्ट वॉरिंग्टन हा शास्त्रज्ञ होता, आणि तो या पहिल्या वॉरिंग्टनचाच पुत्र होय. पित्याने मांडलेल्या समतोलाचा न दिसणारा भाग पुत्राच्या अभ्यासविषयात सापडावा, हा विज्ञानेतिहासातील एक लक्षणीय योग म्हटला पाहिजे. आजच्या दृष्टीने पेटीतील वनस्पतीचे कार्य केवळ प्राणवायू पुरविणे एवढेच नाही. ती अमोनिया व नायट्रेट स्वतः शोषून घेते आणि उपकारक जंतूंना आपल्या पृष्ठभागावर आश्रयही देते.

२. ओळखीची अडचण

स्थलवासी वनस्पतीची ओळख मुख्यतः फुलाफळांवरून होते. पेटीतील वनस्पती बहुधा फुलतच नाही. शिवाय प्रकाश, उष्णतामान आणि पाण्याची खोली यांप्रमाणे एकाच जातीची पाने कधी रुंद तर कधी अरुंद होतात. काही वनस्पती पाण्याखाली एक व पाण्याबाहेर दुसरेच रूप धारण करतात. विक्रेत्यांनी दिलेली नावे या गोंधळात भरच घालतात.

लोकभाषेतील नावांचा येथे फारसा उपयोग होत नाही, परंतु त्याचे कारण विचारात घेण्यासारखे आहे. उत्तर भारतात खांडसरी तयार करताना साखरेच्या थरावर ओल्या जलवनस्पतींचा थर पसरून मळी खाली उतरविण्याची पद्धत होती. या कामी लागणाऱ्या वनस्पतीस ‘सिवार’ म्हणत, आणि त्या एका नावात हायड्रिला व व्हॅलिस्नेरिया या दोन्ही प्रजातींचा समावेश होई. मराठीतील ‘शेवाळ’ हा शब्दही असाच व्यापक आहे. लोकभाषा वनस्पतीला तिच्या उपयोगावरून किंवा स्थानावरून नाव देते, तर शास्त्र तिच्या अवयवांवरून. त्यामुळे दोन्ही नावे आपापल्या जागी योग्य असली, तरी एकीवरून दुसरीकडे थेट जाता येत नाही.

नवशिक्या अभ्यासकास सर्वांत अधिक चकविणारे त्रिकूट एलोडिया, एजेरिया आणि हायड्रिला यांचे आहे. तिन्ही एकाच हायड्रोकॅरिटेसी कुलातील असून तिन्हींच्या लांब खोडावर पानांची मंडले असतात. एलोडिया कॅनडेन्सिसच्या मंडलात सामान्यतः तीन पाने असतात. एजेरिया डेन्साच्या मंडलात बहुधा चार ते पाच पाने असून ती अधिक मोठी व दाट असतात. हायड्रिलाच्या मंडलात चार ते आठ पाने आढळतात, त्यांच्या कडांवरील दाते नुसत्या डोळ्यांनी दिसतात, आणि पानाच्या खालच्या अंगास मध्यशिरेवर बारीक काट्यांमुळे खरखरीतपणा जाणवतो. चिखलात हायड्रिलाच्या लहान ग्रंथी सापडल्या तर संशयास जागा उरत नाही. हे भेद वरकरणी क्षुल्लक वाटतात. परंतु त्यांकडे झालेल्या दुर्लक्षाचे परिणाम क्षुल्लक ठरलेले नाहीत.

३. एका तुकड्याचा पराक्रम

एलोडिया कॅनडेन्सिस ही उत्तर अमेरिकेतील वनस्पती. तिचे वर्णन फ्रेंच वनस्पतिज्ञ मिशो याच्या १८०३ मधील ग्रंथात झालेले होते. १८४२ मध्ये स्कॉटलंडच्या सीमेवरील डन्स येथील तळ्यात आणि १८४७ मध्ये इंग्लंडमधील फॉक्स्टन येथील कालव्यात ती आढळली. केंब्रिजचा वनस्पतिज्ञ बॅबिंग्टन याने १८४८ मध्ये तिला नवी जाती मानून ‘अनाकॅरिस अल्सिनॅस्ट्रम’ असे नाव दिले. त्याच सुमारास तिचा एक नमुना केंब्रिजच्या उद्यानातून तेथील पाटात लावण्यात आला. पाटातून ती कॅम नदीत गेली, आणि १८५२ पर्यंत नदीत तिची इतकी दाटी झाली की नौकानयनास अडथळा होऊ लागला व मालाच्या नावा ओढण्यास अधिक घोडे जुंपावे लागले. ईली येथील विल्यम मार्शल याने त्याच वर्षी या संकटावर एक पुस्तिका लिहिली.

येथे विशेष ध्यानात घ्यावयाचे ते असे की, ही वनस्पती विभक्तलिंगी असून ब्रिटनमध्ये पसरलेली रोपे जवळजवळ सर्व स्त्रीलिंगी होती. अर्थात हा प्रसार बीजाने झालेला नव्हता, तुटलेल्या खोडाच्या तुकड्यांनी झालेला होता. नदी साफ करण्यासाठी वनस्पती कापावी, तर कापलेला प्रत्येक तुकडा नवे रोप होई ! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तिचा जोर पुष्कळ ओसरला. जर्मन भाषेत मात्र ‘पाण्यातील महामारी’ या अर्थाचे तिचे नाव कायम राहिले.

हायड्रिलाचा इतिहास आपल्याला अधिक जवळचा आहे. ही वनस्पती भारतात सर्वत्र आढळते, आणि प्रकाशसंश्लेषणाच्या शालेय प्रयोगामुळे प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. आज मान्य असलेले ‘हायड्रिला व्हर्टिसिलॅटा’ हे नाव सहारणपूर येथील उद्यानाचे अधीक्षक राहिलेल्या रॉइल यांनी १८३९ मध्ये सिद्ध केले. १९५० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत ही वनस्पती शोभेसाठी म्हणून लंकेतून अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यातील एका विक्रेत्याकडे पोचली आणि तेथून कालव्यात गेली. १९६० च्या सुमारास ती नैसर्गिक जलाशयांत दिसू लागली, तेव्हा ती एलोडियाचाच एक प्रकार असावा असे समजण्यात आले आणि ‘फ्लॉरिडा एलोडिया’ हे नाव चालू झाले. खरी ओळख पटेपर्यंत तिने आपले बस्तान बसविले होते. पुढे जननिक तुलनेवरून असे दिसून आले की, तेथील विभक्तलिंगी हायड्रिलाचे साम्य दक्षिण भारतात बंगळूरच्या परिसरातून घेतलेल्या नमुन्याशी आहे. ही रोपेही सर्व स्त्रीलिंगीच होत.

शाकीय अभिवृद्धीने उत्पन्न झालेली रोपे सर्वस्वी एकरूप राहतात, असा एक समज आहे. फ्लॉरिडातील अनुभवाने त्यास मर्यादा घातली. फ्लुरिडोन या तणनाशकाचा दीर्घकाळ वापर झाल्यावर, एकविसाव्या शतकाच्या आरंभी त्यास दाद न देणारी हायड्रिला अनेक तलावांत आढळली. बीजोत्पत्ती नसतानाही शरीरपेशींतील उत्परिवर्तनाने हा पालट घडून आला होता.

४. नाव चुकले म्हणजे उपाय चुकतो

ओळखीचे महत्त्व सर्वांत स्पष्टपणे दाखविणारे उदाहरण साल्व्हिनिया या तरंगत्या नेच्याचे आहे. १९३९ मध्ये कोलंबो येथील विद्यापीठीय वनस्पतिशास्त्र विभागाने अभ्यासासाठी आणलेला हा नेचा लंकेच्या भातखाचरांत व कालव्यांत पसरला. केरळातही त्याने शेती व जलवाहतूक यांस मोठा उपद्रव दिला. तेव्हा त्याचे नाव ‘साल्व्हिनिया ऑरिक्युलाटा’ समजले जात होते. म्हणून त्याचे नैसर्गिक शत्रू शोधणाऱ्यांनी ऑरिक्युलाटा जातीवरील कीटक आणले. त्या प्रयत्नांना यश आले नाही.

१९७२ मध्ये डी. एस. मिचेल याने उपद्रवी वनस्पती निराळी असल्याचे दाखवून तिला ‘साल्व्हिनिया मोलेस्टा’ हे नाव दिले. १९७८ मध्ये तिचे मूलस्थान आग्नेय ब्राझीलमध्ये सापडले. तेथून आणलेला एक लहान भुंगा १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातील मूनडारा तलावात सोडण्यात आला, आणि वर्षभराहून थोड्याच अधिक काळात तेथील हजारो टन साल्व्हिनिया नष्ट झाली. हा भुंगाही प्रथम जुन्या परिचित जातीचाच समजला गेला होता. १९८५ मध्ये तो ‘सर्टोबेगस साल्व्हिनिई’ ही स्वतंत्र जाती ठरला. १९८३-८४ पासून केरळातही त्याचा यशस्वी उपयोग झाला. एका वनस्पतीच्या नावातील दुरुस्तीवर किती शेतकऱ्यांचे हित अवलंबून होते, हे यावरून कळून येईल.

५. महाराष्ट्रातील जलवनस्पती आणि पेटीतील पद्धती

शोभेच्या जलवनस्पती दूरदेशातूनच येतात असे नव्हे. क्रिप्टोकोरिन प्रजातीतील स्पायरॅलिस ही जाती कोकण व गोवा भागातील ओढ्यांच्या काठी वाढते. शॉट याने १८५७ मध्ये वर्णिलेली कॉग्नाटा ही जाती तर कोकणचीच विशेष होय. नुसत्या पानांवरून या जाती ओळखणे धोक्याचे असते. फुलोऱ्यास वेढणाऱ्या महाछदाची नळी, त्याच्या पात्याचा पीळ व रंग ही खरी लक्षणे होत, आणि ती बहुधा पाणी उतरल्यावरच दिसतात. सातारा जिल्ह्यातील जांभ्या खडकाच्या पठारांवर पावसाळी डबक्यांत येणारा वायतुरा, म्हणजे अपोनोजेटन सातारेन्सिस, हा उन्हाळा जमिनीतील ग्रंथीच्या रूपाने काढतो. किनारपट्टीवरील अपोनोजेटन ब्रुगेनाय या जातीस डच अभ्यासक व्हान ब्रुगेन यांचे नाव दिलेले आहे. अशा मर्यादित क्षेत्रातील वनस्पती पेटीसाठी उपटून आणणे हे अभ्यासकास शोभणारे नाही.

अभिवृद्धीच्या पद्धती वनस्पतीच्या रचनेवरून ठरतात, म्हणून ओळख आधी व लागवड नंतर हा क्रम स्वाभाविक आहे. व्हॅलिस्नेरिया जमिनीलगत धावती खोडे सोडते. त्यांवरील पिलू-रोपास स्वतःची मुळे व काही पाने फुटल्यावर ते वेगळे करावे, आणि लावताना पाने जेथून फुटतात तो भाग वाळूवर राहील अशी काळजी घ्यावी. हायड्रिलासारख्या खोडवनस्पतींचे काही पेरी असलेले शेंडे कापून, खालची पाने काढून, वाळूत खोवावेत. सेरॅटोफायलमला मुळेच नसल्याने तिचा तुकडा नुसता तरंगत ठेवला तरी पुरतो. क्रिप्टोकोरिनचे मूलक्षोड विभागून लावले असता पाने प्रथम गळून पडण्याचा संभव असतो. अशा वेळी मूलक्षोड शाबूत असल्यास ते उपटून टाकू नये, कारण काही आठवड्यांत त्यास नवी पाने फुटू शकतात. सेरॅटॉप्टेरिस या जलनेच्याच्या पानांवरच बालरोपे येतात. ग्रंथी असलेल्या अपोनोजेटनांना मात्र विश्रांतीचा काळ लागतो. तो न मिळाल्यास ती वनस्पती क्षीण होत जाते. वायतुऱ्याच्या कुळाचे हे ऋतुमान पेटीतही सुटत नाही.

उपसंहार

वरील विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. केंब्रिजमधील पाटात एलोडिया पोचली ती उद्यानातून, आणि लंकेत साल्व्हिनिया पोचली ती विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातून. निष्काळजीपणा हा केवळ छंदप्रेमींचा दोष नाही. ज्ञानसंस्थाही त्यातून मुक्त नाहीत. म्हणून वनस्पतिशास्त्र विभागातील प्रत्येक काचपेटीवर वनस्पतीचे नाव, ती कोठून व केव्हा आणली याची नोंद असावी. शक्य तेथे फुलासह वाळविलेला नमुना संग्रहात ठेवावा, आणि पेटी साफ करताना निघालेले तुकडे गटारात वा ओढ्यात न टाकता पूर्ण वाळवून नष्ट करावेत. जी वनस्पती एका पेऱ्यापासून पुन्हा जन्म घेते, तिच्या बाबतीत फेकून देणे आणि लागवड करणे यांत फारसे अंतर राहत नाही.