देवमाशाचे मांस आणि आनुवंशिक पुरावा

वस्तूचे नाव आणि तिचे मूळ यांची फारकत झाली म्हणजे निर्बंधांची अंमलबजावणी दुष्कर होते. देवमाशांच्या व्यापाराचा इतिहास याची साक्ष देतो. आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगाने १९८२ साली व्यापारी शिकारीस स्थगिती देण्याचे ठरविले. १९८६ मध्ये ती अमलात आली. संशोधनार्थ शिकारीची मुभा मात्र राहिली. तिच्या आधारे जपानने १९८७ पासून अंटार्क्टिक सागरात मिंके जातीची शिकार चालविली व ते मांस बाजारात येऊ लागले. कापलेल्या तुकड्यावरून जात ओळखणे कठीण होते; 'कुजिरा' या एकाच नावाखाली कोणत्याही देवमाशाचे मांस खपू शकत होते.

स्कॉट बेकर व स्टीफन पालुम्बी यांनी १९९३ साली जपानी दुकानांतून नमुने विकत घेतले. असे मांस देशाबाहेर नेण्यास निर्बंध असल्यामुळे त्यांनी सुटसुटीत उपकरणांच्या साहाय्याने तेथेच डीएनएच्या कृत्रिम प्रती तयार केल्या व केवळ त्या प्रती तपासणीसाठी नेल्या. ज्ञात जातींशी तुलना करता मिंकेखेरीज फिन व हम्पबॅक या संरक्षित जातीही आढळल्या. हे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले.

तथापि या पुराव्यासही मर्यादा आहे. डीएनएवरून प्राण्याची जात कळते. तो केव्हा मारला गेला हे कळत नाही. आइसलँडमध्ये १९८९ पर्यंत फिन देवमाशांची शिकार होत असे व ते मांस जपानला जाई. त्यामुळे शीतगृहांतील जुन्या साठ्याची शक्यता सर्वस्वी नाकारता येत नव्हती. सारांश, प्रयोगशाळेतील निर्णय आणि शिकारीची व साठ्याची नोंद यांची सांगड घातल्याखेरीज बेकायदेशीर शिकार सिद्ध होत नाही.