वस्तुसंग्रहालये आणि आमचा इतिहास

वस्तुसंग्रहालय म्हणजे जुन्या वस्तूंचे कोठार नव्हे. समाजाने काय आठवायचे आणि काय विसरायचे, याचा तो निवाडा असतो. काचेच्या कपाटात जे ठेवले जाते त्याला इतिहास म्हणतात आणि जे बाहेर राहते ते नाहीसे होते. हा निवाडा कोणी केला, कोणाच्या वतीने केला आणि त्यात आमची साक्ष कोणी घेतली, हा प्रश्न दलित चळवळीने आजवर पुरेशा गांभीर्याने विचारलेला नाही. ग्रंथांतील इतिहासाशी आपण भांडलो. पेशवाईच्या बखरींशी आणि पाठ्यपुस्तकांशीही भांडलो. वस्तूंमधील इतिहासाकडे मात्र आपले लक्ष गेले नाही.

पलूससारख्या गावातून पाहिले तर हा प्रश्न अधिक स्पष्ट दिसतो. पलूस हे कृष्णाकाठच्या मुलखातले, पुणे-मिरज लोहमार्गालगतचे गाव. इथल्या शाळांच्या सहली ठरलेल्या वाटांनी जातात. औंधचे श्रीभवानी वस्तुसंग्रहालय, सांगलीचे संस्थानी संग्रहालय, कोल्हापूरचा टाऊन हॉल आणि नवा राजवाडा, आणि ऐपत असेल तर पुणे-मुंबई. यांत वाईट काही नाही. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते. १९३८ साली त्यांनी यमाईच्या डोंगरावर जे संग्रहालय उभे केले त्यात राजा रविवर्म्याची चित्रे आहेत आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माता-बालकाचे शिल्पही आहे. खटाव तालुक्याच्या माळावर हे शिल्प यावे, ही त्या माणसाच्या रसिकतेची खूण होय. १९३९ साली आपल्या प्रजेला राज्यकारभार सोपवणारा हा संस्थानिक होता, हेही आपण विसरू नये. कोल्हापूरचे संग्रहालय १९४६ साली सुरू झाले. ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती त्याचे भूषण आहे. दोन हजार वर्षांपूर्वी पंचगंगेच्या काठचा व्यापार रोमन जगापर्यंत पोहोचला होता, हे ती लहानशी मूर्ती सांगते.

मी सहावीत असताना अशाच एका सहलीत कोल्हापूरला गेलो होतो. राजवाड्यातल्या दालनात भिंतीवर ढाली लावलेल्या होत्या. मास्तर तलवारींबद्दल सांगत होते आणि मी ढालीकडे पाहत होतो. घरी आल्यावर आज्याला सांगितले, तेव्हा त्याने एकच प्रश्न केला : "ढाल कातड्याची हुती न्हवं? मग कातडं कुणी कमावलं, त्ये लिवलं हुतं का?"

तसे लिहिलेले नव्हते. आज इतक्या वर्षांनंतरही, मी पाहिलेल्या एकाही संग्रहालयात तसे लिहिलेले मला आढळलेले नाही. ढालीखाली सरदाराचे नाव असते. म्यानाखाली घराण्याचे नाव असते. खोगिराखाली साल असते. परंतु जनावर मेल्यावर ते ओढून नेणारा, सोलणारा, कातडे चुन्याच्या आणि बाभळीच्या सालीच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे मुरवणारा ढोर आणि ते शिवणारा चांभार, यांचा त्या पाटीवर मागमूस नसतो. ज्या हाताला विटाळ मानले त्याच हाताची वस्तू राजवाड्याच्या भिंतीवर चढली. वस्तूला विटाळ नव्हता, माणसाला होता. भारतीय संग्रहालयांचे सारे तर्कशास्त्र या एका विसंगतीवर उभे आहे.

ढाल ही तर लढाईची वस्तू झाली. रोजच्या पोटापाण्याच्या वस्तूंचे काय? कृष्णाकाठची बागायत एके काळी मोटेवर चालत होती. मोट कातड्याची. ती ढोराने कमावलेल्या कातड्यातून व्हायची आणि फाटली की तोच ती सांधायचा. मोट ओढणारा नाडा आणि सोंदूर, बैलांची वेसण, दावी, कासरे हे मांगाने वळायचे. म्हणजे विहिरीतले पाणी उसाच्या सरीपर्यंत पोहोचायचे ते अस्पृश्यांच्या कातड्यातून आणि दोरातून. त्याच विहिरीला मात्र त्यांना शिवता येत नव्हते. पलूसजवळच कुंडल रोड स्थानकाच्या माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना आणला. त्याला जागा औंधच्या संस्थानिकांनी दिली होती आणि पुढे ती किर्लोस्करवाडी झाली. लोखंडी नांगर आले, पाण्याचे पंप आले. महाराष्ट्राच्या उद्योगेतिहासात या घटनेला मानाचे पान आहे आणि ते योग्यच आहे. परंतु पंप आला तेव्हा मोट गेली आणि मोटेबरोबर ढोराचे बलुते गेले, नाड्याबरोबर मांगाचे गेले, याची नोंद कोठे आहे? यंत्राच्या जन्माचा उत्सव झाला, हस्तकौशल्याच्या मरणाचा पंचनामा झाला नाही. ते बलुते गुलामीचे होते, ते गेले हे बरेच झाले. पण गेले कोणाचे आणि त्याच्या बदल्यात त्यांना मिळाले काय, हे विचारण्याचा अधिकार इतिहासाला आहे.

मोठ्या शहरांत काही वेगळे दिसते का? पुण्याला दिनकर केळकरांचे संग्रहालय आहे. या गृहस्थाने गावोगाव पायपीट करून वीस हजारांवर वस्तू जमवल्या आणि १९७५ साली त्या शासनाच्या स्वाधीन केल्या. राजांच्या शस्त्रांऐवजी समया, अडकित्ते, दारे, स्वयंपाकाची भांडी यांना त्यांनी इतिहासाचा दर्जा दिला, हे त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. तथापि घरगुती वस्तू म्हटल्या तरी त्या कोणत्या घरातल्या? ज्याच्या घरी पितळ होते त्याच्या. ज्याच्या घरी मातीचे मडके आणि फुटका परळ होता त्याच्या घरातून काय जमा होणार? मडके फुटते, त्याच्या खापरीला संग्राहक विचारत नाही. दारिद्र्य टिकाऊ वस्तू मागे ठेवत नाही, ही इतिहासाची एक क्रूर गंमत आहे.

मुंबईत भायखळ्याला १८७२ साली उघडलेले आणि १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाणारे संग्रहालय आहे. तेथे निरनिराळ्या जातींच्या आणि धंद्यांच्या लोकांच्या मातीच्या छोट्या प्रतिमा आहेत. कारागिरी अप्रतिम आहे. परंतु तेथे माणूस नावाने येत नाही, नमुना म्हणून येतो. साहेबाला या देशातील जाती एका नजरेत कळाव्यात, म्हणून तो मातीत घडवलेला आहे. राजाचे चित्र असते तेव्हा खाली त्याचे नाव असते, आमचे असते तेव्हा खाली जात असते. वगळणे हा अपमानाचा एक प्रकार झाला. नमुना म्हणून मांडणे हा दुसरा.

मग आमचा इतिहास कोठेच नाही काय? आहे. परंतु तो पाहण्यासाठी सहलीची वाट बदलावी लागते.

पलूसहून पुण्याच्या गाडीत बसले की कऱ्हाड लागते. कऱ्हाडजवळ आगाशिवाच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. भारहुतच्या स्तूपावर दान देणाऱ्यांच्या नावांत या गावाचा प्राचीन उल्लेख सापडतो. ज्या धम्माकडे आपण १९५६ साली परतलो त्याचे विहार आपल्याच उशाला होते, हे आमच्या वाडवडलांना कोणी सांगितले नव्हते. पुढे मसूर स्थानक लागते. १९०१ सालच्या उन्हाळ्यात चार लहान मुले या फलाटावर उतरली होती. वडिलांना भेटायला ती गोरेगावला निघाली होती. जात कळताच स्टेशनमास्तर बाजूला झाला, गाडीवान तयार होईनात. अखेर दुप्पट भाड्याने गाडी मिळाली, तीही मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने चालायचे या अटीवर. शिदोरी सोबत होती, पण कोणी पाणी दिले नाही आणि मुले उपाशी राहिली. त्या मुलांतला एक भीमराव होता. पुढे बाबासाहेबांनी स्वतः हे लिहून ठेवले. मसूरचा फलाट हे आमच्या दृष्टीने महाराष्ट्रातील एक थोर संग्रहालय आहे. त्याला काच नाही, तिकीट नाही आणि बहुतेक प्रवाशांना त्याची खबरही नाही.

साताऱ्यात तर हा विरोध अगदी समोरासमोर दिसतो. २०२४ साली लंडनच्या संग्रहालयातून वाघनखे काही काळासाठी साताऱ्याला आणली गेली. लोकांनी गर्दी केली आणि शिवरायांवरील प्रेमापोटी केली, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच साताऱ्यात एका शाळेच्या नोंदवहीत ७ नोव्हेंबर १९०० या तारखेला १९१४ या क्रमांकापुढे भिवा रामजी आंबेडकर हे नाव आहे. वाघनखे एका शत्रूला पुरली. त्या नोंदवहीतल्या एका ओळीने हजारो वर्षांच्या शत्रूचे पोट फाडले. २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. परंतु त्या ओळीचे दर्शन घ्यायला किती शाळांच्या सहली जातात?

पुण्यात गंज पेठेत जोतीराव फुल्यांचा वाडा आहे. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. शनिवारवाड्याचा दरवाजा पाहायला जाणाऱ्यांनी हा हौदही पाहावा. एक दरवाजा किती उंच होता आणि एक हौद किती खोल होता, याची तुलना करावी. सेनापती बापट मार्गावरील डॉ. आंबेडकर संग्रहालयात माईसाहेबांनी जपलेल्या बाबासाहेबांच्या वस्तू १९९६ पासून पाहता येतात. कोल्हापूरच्या बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० रोजी, बाबासाहेब हयात असताना, भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने फुले आणि आंबेडकर यांचे पुतळे उभे राहिले. शाहू महाराजांच्या नगरीनेच हे करावे यात इतिहासाचा एक न्याय आहे.

हे सारे सांगून झाल्यावर एक अवघड गोष्ट सांगितली पाहिजे. ती आपल्याविषयीची आहे.

आमचा आजा तराळ होता. त्याच्याकडे घुंगराची काठी होती. चावडीचा सांगावा नेताना, रात्री गस्त घालताना ती त्याच्या हातात असे. धर्मांतराची लाट आमच्या वाड्यात आली तेव्हा टोपलीतले देव कृष्णेत सोडले गेले. हलगी फोडली गेली. आज्याने काठीचे घुंगरू दगडाने ठेचले आणि काठी चुलीत घातली. त्या दिवशी भाकरी त्या जाळावर भाजली, असे आजी सांगायची. सांगताना तिच्या चेहऱ्यावर जो अभिमान असायचा तो मी विसरू शकत नाही. वतनाच्या बेडीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बिल आणले होते. ही वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्याने. आमच्या घरापुरते वतन त्या चुलीत गेले.

ती काठी जाळणे योग्यच होते. जो गुलामीत जगला त्याला गुलामीची खूण जपून ठेव, असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु मी त्याचा नातू आहे. माझ्या मुलांना मी तराळकी म्हणजे काय हे सांगतो तेव्हा ती ऐकतात आणि त्यांना ती गोष्ट वाटते. गावातला एखादा सुशिक्षित माणूस सहज म्हणतो, आमच्या गावात असे काही नव्हते हो, सगळे गुण्यागोविंदाने राहत होते. त्याच्यापुढे ठेवायला माझ्याकडे काय आहे? काठी जळाली, हलगी फुटली, मडके फुटले, मोट कुजली. आम्ही गुलामी नाकारली आणि नकळत तिचा पुरावाही नष्ट केला. पुरावा नसलेला अन्याय काही काळाने अफवा ठरतो.

काही मित्र म्हणतील, या लाजिरवाण्या वस्तू कशाला मांडायच्या? त्यातून न्यूनगंडच वाढेल. हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण लाज कोणाची, हे आधी ठरले पाहिजे. अमेरिकेतील काळ्या लोकांनी हा प्रश्न सोडवला आहे. २०१६ साली वॉशिंग्टनमध्ये त्यांच्या इतिहासाचे राष्ट्रीय संग्रहालय उघडले. तेथे गुलामांच्या पायांतील बेड्या आहेत आणि गुलाम राहत ती लाकडी झोपडी आहे. ती पाहताना मान खाली जायची असेल तर ती बेडी घालणाऱ्याच्या वारसाची. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला वर्णद्वेषी राजवटीने उठवलेल्या वस्तीचे संग्रहालय १९९४ पासून आहे आणि ते वस्तीच्या लोकांच्या आठवणींवर उभे आहे. ज्यांच्याकडे वस्तू उरल्या नाहीत त्यांच्याकडे आठवण उरते, हा त्यातला धडा आपण घेतला पाहिजे.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. आपण पुतळे पुष्कळ उभारले. आता पाट्या लिहू या. आपल्या समाजमंदिराच्या एका भिंतीला एक कपाट पुरे. त्यात एखादे राहिलेले वादीचे टोक, रापी, आरी, केरसुणी, बलुत्याची नोंद असलेला एखादा कागद, दीक्षेच्या वेळचा एखादा फोटो ठेवावा. वस्तू कमी पडतील तेथे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडचे लिहून घ्यावे : पाणी कोठून भरत होता, मेलेले ढोर किती जणांनी ओढले, पहिली सही कोणी आणि कोठे केली. प्रत्येक वस्तूखाली माणसाचे नाव लिहावे, जात नव्हे. वाटेगावच्या अण्णा भाऊंनी याच मातीतल्या नाव नसलेल्या माणसांना कादंबरीत नाव दिले. तेच काम आपण कपाटात करायचे आहे. ही माणसे वेगाने जात आहेत. दर वर्षी एक संग्रहालय जळते आणि त्याची बातमी होत नाही.

आज्याचा प्रश्न अजून तसाच आहे. कातडे कोणी कमावले, हे राजवाड्याच्या पाटीवर आज ना उद्या लिहिले जाईल, न जाईल. आपल्या पाटीवर तरी ते आपण लिहिले पाहिजे.