क्षितिजापलीकडचे दूरदर्शन

भंडारा नागपूरपासून साठेक किलोमीटरवर आहे. दूरचित्रवाणीच्या दृष्टीने हे अंतर थोडे नाही. तिच्या लहरी साधारणतः सरळ रेषेत जातात, म्हणून मनोऱ्यावरून दिसणारे क्षितिज हीच जवळजवळ त्यांची मर्यादा ठरते. मनोऱ्याच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्याला ३.५७ ने गुणले, की हे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. १५० मीटर उंचीसाठी ते सुमारे ४४ किलोमीटर भरते.

क्षितिजापलीकडच्या गावांसाठी उपग्रह उपयोगी पडला. ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी अवकाशात गेला. १९८४ मध्ये देशभर १०० वॅटची लघुशक्ती केंद्रे भराभर उभी राहिली. उपग्रहाकडून आलेला दिल्लीचा कार्यक्रम ती पुढे पाठवीत. स्वतःचे असे काही सांगत नसत.

गुजरातेतील खेडा जिल्ह्यातले पीज केंद्र मात्र वेगळे होते. १९७५ मध्ये सुरू झालेल्या या केंद्राचा प्रक्षेपक अवघा १ किलोवॅटचा. पण अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्रातील मंडळी गावोगाव जाऊन मजुरी, अस्पृश्यता अशा विषयांवर गावकऱ्यांनाच बोलते करीत. या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. तरीही १९८५ मध्ये ते केंद्र बंद झाले.

२०२२ पर्यंत दूरदर्शनचे बहुतेक भूप्रक्षेपकही बंद झाले. आता भंडाऱ्यात उपग्रहावरून शेकडो वाहिन्या दिसतात. क्षितिजाची अडचण तंत्राने सोडविली. पण त्या पडद्यावर इथला धानशेतकरी, तलावावरचा ढीवर कधी बोलणार? आम्हांला वाटते, पीजचा खरा धडा हाच आहे आणि तो वर्गात चर्चेला घ्यावा.