तांब्यावर कोरलेले जग आणि मृगातला मेघ

१/
२२ जानेवारी १८९८. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातल्या जेऊर येथे दोन वेधपथके सज्ज होती. एक पुण्याच्या सायन्स कॉलेजातील कावसजी दादाभाई नायगमवाला यांचे; दुसरे कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेतील विल्यम वॉलेस कॅम्पबेल यांचे. दोघांच्या हाती होती खग्रास सूर्यग्रहणाची जेमतेम दोन मिनिटे.

२/
त्याच दिवशी, चंद्राच्या त्याच सावलीच्या वाटेवर, कोकणात विजयदुर्ग येथे सर नॉर्मन लॉकियर उभे होते. सात वर्षांपूर्वी याच लॉकियर यांच्या एका आवडत्या सिद्धान्ताला नायगमवालांच्या पुण्यातील वेधांनी छेद दिला होता. तो वाद सूर्याविषयी नव्हता, ताऱ्यांच्या जन्मस्थानाविषयी होता.

३/
हा धागा त्या वादाचा आहे. परंतु वादाचे मर्म कळण्यासाठी सुरुवात आकाशापासून नव्हे, तर तांब्याच्या पत्र्यापासून करावी लागेल. ज्या काळी छायाचित्र नव्हते, त्या काळी दूरदेशीची माणसे आणि दूरचे तेजोमेघ या दोहोंची ओळख युरोपला एकाच साधनाने होत असे : कोरीव ताम्रचित्राने.

४/
कारागीर गुळगुळीत तांब्याच्या पत्र्यावर टोकदार हत्याराने रेषा कोरी, त्यांत शाई भरी आणि ओला कागद दाबून छाप घेई. एका पत्र्यातून शेकडो प्रती निघत. दुसऱ्या मुद्रकाने ती छापील प्रत समोर ठेवून जशीच्या तशी नव्या पत्र्यावर कोरली, की नवा छाप उलटा उमटे. उजव्या हातातील तलवार डाव्या हातात जाई.

५/
सोलापूरच्या वाचकाला हे समजायला अक्कलकोट रोड एमआयडीसीतला जकार्ड माग पुरे. चादरीची नक्षी आधी चौकटींच्या कागदावर मांडली जाते. तिच्यावरून कार्डांना भोके पडतात. मग माग तीच नक्षी विणत राहतो. कागदावर मोराची मान वाकडी आली असेल, तर ती प्रत्येक चादरीवर वाकडीच येईल. मागाने कधी मोर पाहिलेला नसतो.

६/
ताम्रचित्र कोरणाऱ्यांचेही असेच होते. थिओडोर डी ब्राय याने अमेरिकेविषयीच्या सचित्र ग्रंथांची मोठी मालिका फ्रँकफुर्ट येथून काढली. तो स्वतः अमेरिकेस कधीच गेला नाही. १५९८ मध्ये तो वारल्यावर मुलांनी काम पुढे चालवले. मेक्सिकोतील अझ्टेकांच्या नरबळीची दृश्ये या मालिकेत आली ती स्पॅनिश पाद्री होसे दे अकोस्ता याच्या मजकुराच्या आधारे. मजकूर वाचून चित्र काढले गेले, पाहून नव्हे.

७/
त्यामुळे या चित्रांतले अझ्टेक पुजारी ग्रीक पुतळ्यांसारखे पिळदार दिसतात. वस्तुतः अझ्टेकांची स्वतःची चित्रलेखनाची परंपरा होती. स्पॅनिश विजयानंतर सुमारे दोन दशकांनी मेक्सिकोतील स्थानिक चित्रकारांनी रंगवलेल्या 'कोडेक्स मेंडोझा' या हस्तलिखितात मुलांचे शिक्षण, लग्न, खंडणी हे सारे त्यांच्या शैलीत आहे. युरोपच्या वाचकांवर मात्र अधिक छाप पाडली ती रक्ताच्या दृश्यांनी.

८/
चीनची कथा निराळी नाही. अथानासियस किर्खर या जेझुइट विद्वानाचा 'चायना इलुस्ट्राटा' हा ग्रंथ १६६७ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला. किर्खर चीनला गेला नव्हता; मिशनऱ्यांची पत्रे व टिपणे यांवर त्याची भिस्त होती. चीन, भारत, मेक्सिको या साऱ्यांच्या मूर्तिपूजेचे मूळ इजिप्तमध्ये, असे त्याचे ठाम मत होते. चित्रे त्या मताच्या सेवेला होती.

९/
याच ग्रंथात आपल्या परिचयाचे काहीतरी सापडते : देवनागरी लिपी! आग्र्याला राहिलेल्या हाइनरिख रोट या जेझुइटाने संस्कृत वर्णमालेचे तक्ते किर्खरला दिले आणि ते ताम्रपत्र्यांवर कोरले गेले. युरोपात छापल्या गेलेल्या देवनागरीच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत त्यांची गणना होते. शेजारी विष्णूच्या दशावतारांची चित्रे आहेत. अक्षरे ओळखू येतात. अवतार ओळखायला मात्र कष्ट पडतात.

१०/
आता घराजवळ येऊ. यान हुइगेन व्हान लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. १५९६ मध्ये त्याचा 'इतिनेरारियो' प्रसिद्ध झाला. त्यात गोव्याचा बाजार, पालख्या, सती, तसेच चिनी मँडरिन आणि चिनी जहाजे यांची ताम्रचित्रे आहेत. डी ब्राय, किर्खर यांच्याहून याचे वेगळेपण असे, की गोवा त्याने स्वतः पाहिला होता.

११/
तरीही गोव्याजवळील एका देवळातल्या मूर्तीचे वर्णन तो कसे करतो? डोक्यावर शिंगे, तोंडातून लोंबणारे सुळे, पोटावर दुसरा भेसूर चेहरा आणि पोपच्या मुकुटासारखा मुकुट. गोमंतकातल्या देवळांत असा देव कोठे आहे? ही युरोपच्या चर्चमधील भिंतींवरच्या सैतानाची आकृती होती. पार्थ मित्तर यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे, की भारतीय देवतांवर हे राक्षसी रूप युरोपीय प्रवाशांनी पिढ्यान्‌पिढ्या लादले.

१२/
म्हणजे डोळ्यांनी पाहिले एवढ्याने भागत नाही. पाहणारा आपल्या मनातला साचा बरोबर घेऊन येतो, कोरणारा त्यात आपला साचा मिसळतो, आणि छापखाना त्या मिश्रणाला पुराव्याची प्रतिष्ठा देतो. हीच गोष्ट आकाशातही घडली.

१३/
हिवाळ्याच्या रात्री मृग नक्षत्र पाहा. मृगाच्या पोटात घुसलेल्या बाणाचे तीन तारे सहज दिसतात. त्यांच्या खाली लोंबणाऱ्या बारीक ताऱ्यांच्या ओळीत मधला ठिपका किंचित धुरकट वाटतो. तोच मृगातला तेजोमेघ : अंतर सुमारे १,३५० प्रकाशवर्षे. क्रिस्तिआन हॉयगेन्स याने १६५६ मध्ये तो दुर्बिणीतून पाहिला आणि १६५९ च्या आपल्या ग्रंथात त्याचे चित्र छापले.

१४/
पुढची दोनशे वर्षे मेस्ये, विल्यम व जॉन हर्शेल, लॉर्ड रॉस, बॉण्ड असे एकाहून एक निरीक्षक हा मेघ रेखाटत राहिले. दोन चित्रे जुळेनात. कोणाला पंख दिसले, कोणाला जबडा, कोणाला नागमोडी वळणे. मग प्रश्न पडला : मेघ बदलतो आहे की चित्रकार? १८८२ मध्ये एडवर्ड होल्डन यांनी ही सारी जुनी चित्रे एकत्र मांडून तुलनाही केली.

१५/
यावर दोन उपाय निघाले. पहिला छायाचित्राचा. ३० सप्टेंबर १८८० रोजी हेन्री ड्रेपर यांनी मृगातल्या मेघाचे पहिले छायाचित्र घेतले. १८८३ मध्ये अँड्र्यू कॉमन यांनी त्याहून कितीतरी सरस छायाचित्र मिळवले. दुसरा उपाय वर्णपटाचा : आकृती सोडून द्यायची आणि प्रकाशालाच विचारायचे, तू कशाचा आहेस?

१६/
हा प्रश्न विल्यम हगिन्स यांनी १८६४ मध्ये विचारला. तेजोमेघ म्हणजे दाटीवाटीने बसलेले तारेच असते, तर सलग रंगपट्टा दिसायला हवा होता. त्यांना काही मेघांत दिसल्या मोजक्या तेजस्वी रेषा; म्हणजे तो विरळ, तापलेला वायू होता. त्यांतली सर्वांत ठळक हिरवी रेषा, सुमारे ५००.७ नॅनोमीटरची, पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. तिच्यासाठी 'नेब्युलियम' नावाचे मूलद्रव्य कल्पिले गेले.

१७/
लॉकियर यांना हे मान्य नव्हते. तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या अशनींचे थवे आणि तेच आटून तारे होतात, असा त्यांचा सिद्धान्त होता. ती हिरवी रेषा त्यांच्या मते तापलेल्या मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा उरलेला अंश होती. १८९० मध्ये त्यांनी हा सिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला. त्यांचा दबदबा मोठा होता. सूर्यावरील हेलियमचे श्रेय त्यांना मिळालेले होते.

१८/
परीक्षा सोपी पण नाजूक होती. मॅग्नेशियमचा पट्टा एका कडेला ठसठशीत असतो आणि दुसऱ्या कडेला विरत जातो. मेघातली रेषा दोन्ही कडांना रेखीव निघाली, तर लॉकियर चूक. तिची जागा नेमकी कोठे आहे, हेही महत्त्वाचे होते. १८९० मध्येच लिक वेधशाळेत जेम्स कीलर यांनी ती काटेकोर मोजली आणि ती मॅग्नेशियमशी जुळली नाही.

१९/
इथे पुणे या कथेत प्रवेश करते. नायगमवाला यांच्या प्रयत्नाने भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी यांनी ५,००० रुपये दिले आणि मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. त्यातून सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सुरू झाली. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातली तिची परावर्तक दुर्बीण पुढे २० इंची म्हणून ओळखली गेली. त्या काळच्या भारतात तिच्याहून मोठी दुर्बीण नव्हती.

२०/
१८९१ मध्ये नायगमवालांचे निरीक्षण लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात आले : मृगातल्या मेघाची मुख्य रेषा सर्व परिस्थितींत बारीक आणि रेखीवच दिसते. हगिन्स यांच्या बाजूने, लॉकियर यांच्या विरुद्ध. वसाहतीतल्या एका कॉलेजच्या प्राध्यापकाने साम्राज्याच्या राजधानीतल्या मातब्बर शास्त्रज्ञाचे मत स्वीकारले नाही. त्याने रेषा पाहिली आणि जे दिसले ते लिहिले.

२१/
निकाल पुढे त्याच बाजूने लागला, पण 'नेब्युलियम'ही टिकले नाही. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवले, की ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे. प्रयोगशाळेतल्या दाट वायूत असा अणू प्रकाश टाकण्याआधीच दुसऱ्याशी आदळून ऊर्जा गमावतो. मेघातला वायू आपल्या उत्तम निर्वातापेक्षाही विरळ असल्याने तिथे त्याला सवड मिळते. श्वासातलेच मूलद्रव्य, फक्त एकांतात.

२२/
आणि तिथे तारे खरोखरच जन्मतात. १९९० च्या दशकाच्या आरंभी हबल दुर्बिणीने मृगातल्या मेघात नवजात ताऱ्यांभोवतीच्या धूळ-वायूच्या तबकड्या टिपल्या. त्यांतून पुढे ग्रह घडू शकतात. धुराच्या त्या ठिपक्यात हजारो तरुण तारे आहेत, बरेचसे जेमतेम दहा लाख वर्षांचे. सूर्याचे वय ४६० कोटी वर्षे आहे, हे लक्षात घेतले म्हणजे 'तरुण' शब्दाचा अर्थ कळतो.

२३/
आता विजयदुर्गाकडे. 'हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला' असे अभिमानाने सांगितले जाते. तारखा काय सांगतात? १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात ज्यूल जान्सेन गुंटूरला होते. लॉकियर यांनी सूर्यज्वालांचा वर्णपट २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहणाविना, इंग्लंडमधून पाहिला. रॅम्झी यांना पृथ्वीवर हेलियम सापडला १८९५ मध्ये. लॉकियर विजयदुर्गाला आले ते १८९८ मध्ये. दोन ग्रहणे एकात मिसळली गेली.

२४/
ही मिसळ आणि लिन्सखोटेनची शिंगे असलेली मूर्ती यांच्यात फारसा फरक नाही. तिथे भीतीने चित्र काढले, इथे अभिमानाने. नक्षी एकदा कार्डावर चढली, की माग विणतच राहतो. पुस्तक पुस्तकावरून, फलक फलकावरून. आणि ज्याचे काम खरोखर या मातीत झाले, ते नाव त्या नक्षीत कुठेच उरत नाही.

२५/
विजयदुर्गाचे महत्त्व याने कमी होत नाही. १८९८ च्या त्या सावलीने कोकणापासून जेऊरपर्यंत आणि पुढे वऱ्हाडातील तळणीपर्यंत जगभरचे वेधकर्ते महाराष्ट्रात आणले, तेही पुणे-मुंबईत प्लेगने हाहाकार माजवला असताना. नायगमवालांचा जेऊरच्या वेधांचा अहवाल १९०२ मध्ये छापून निघाला. अभिमान बाळगायला एवढे खरे पुष्कळ आहे.

२६/
नायगमवाला निवृत्त झाले आणि १९१२ मध्ये पुण्याची वेधशाळा बंद पडली. एका माणसाच्या बळावर उभी असलेली संस्था त्याच्याबरोबरच संपली. दुर्बीण कोडाईकनालला गेली; तिथे ती 'भावनगर दुर्बीण' म्हणून ओळखली गेली. नावात दाता उरला, निरीक्षक नाही.

२७/
शेवटी एक चित्र, जे प्रत्येकाच्या मोबाइलवर कधी ना कधी आले असेल : हबलने १९९५ मध्ये टिपलेले गरुड तेजोमेघातील 'सृष्टीचे स्तंभ'. त्यात सल्फरला तांबडा, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिलेला आहे. ऑक्सिजनची ती रेषा म्हणजेच नायगमवालांनी पुण्यातून पाहिलेली रेषा, आणि ती प्रत्यक्षात हिरवी आहे.

२८/
हे रंग खोटे नव्हेत. कोणता वायू कोठे आहे हे वेगळे दिसावे म्हणून ते विचारपूर्वक निवडले आणि तसे उघड सांगितले गेले. डी ब्रायच्या चित्रांत आणि यांत फरक आहे तो एवढाच, पण तो फार मोठा आहे. जुने ताम्रचित्र असो की अवकाशातला मेघ, पाहताना एक प्रश्न बरोबर असावा : यात दिसलेले किती, आणि कोरलेले किती?