औषधी वनस्पतींतील संयुगांचा चयापचय

औषधी वनस्पतींतील संयुगांचा चयापचय म्हणजे वनस्पतीतून शरीरात गेलेल्या रासायनिक संयुगांचे आतडे, आतड्यातील जीवाणू व यकृत यांच्याकडून होणारे रूपांतर होय. या रूपांतरामुळे वनस्पतीत असलेले संयुग आणि प्रत्यक्ष रक्तात पोहोचणारे संयुग पुष्कळदा वेगवेगळे असतात. रूपांतरित संयुग निष्प्रभ, अधिक गुणकारी किंवा विषारीही असू शकते.

टप्पे

आतड्यातून शोषलेली संयुगे रक्तावाटे प्रथम यकृतात जातात. पहिल्या टप्प्यात मुख्यतः सायटोक्रोम पी४५० गटातील विकरे त्यांचे ऑक्सिडीकरण करतात. दुसऱ्या टप्प्यात त्यांना ग्लुकुरॉनिक आम्ल, सल्फेट किंवा ग्लुटाथायोन जोडले जाते. त्यामुळे ती पाण्यात अधिक विद्राव्य होऊन मूत्र किंवा पित्तावाटे बाहेर पडतात. काही संयुगे थेट दुसऱ्या टप्प्यातूनच जातात.

उदाहरणे

हळदीतील कर्क्युमिन अल्प प्रमाणात शोषले जाते आणि आतडे व यकृत यांत त्याला लगेच ग्लुकुरॉनिक आम्ल व सल्फेट जोडले जाते. त्यामुळे रक्तात मूळ कर्क्युमिन फारच थोडे आढळते. याउलट सोनामुखीतील सेनोसाइड संयुगे जवळजवळ न बदलता मोठ्या आतड्यात पोहोचतात. तेथील जीवाणू त्यांचे रेचक द्रव्यात रूपांतर करतात.

अन्य औषधांशी आंतरक्रिया

मिरीतील पिपेरिन ग्लुकुरॉनिक आम्ल जोडणाऱ्या व सायटोक्रोम गटातील काही विकरांना अटकाव करते. बंगळूर येथील सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ मध्ये २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पिपेरिन दिल्यास कर्क्युमिनची जैवउपलब्धता सुमारे २० पट वाढल्याचे नोंदवले. पिपेरिनमुळे फेनिटोइन, प्रोप्रॅनोलॉल व थिओफिलिन या औषधांचेही रक्तातील प्रमाण वाढू शकते. नंदुरबार जिल्ह्यातील सातपुडा परिसरात भिल्ल व पावरा समाजांत वनौषधींचा वापर परंपरेने होतो. अशा भागांत वनौषधी व दवाखान्यातील औषधे एकाच वेळी घेतली जाण्याची शक्यता असल्याने ही आंतरक्रिया महत्त्वाची ठरते.

विषारी रूपांतर

गुळवेलीच्या प्रजातीतील काही वेलींत कोलम्बिनसारखी फ्युरान वलय असलेली संयुगे असतात. सायटोक्रोम विकरांमुळे त्यांपासून अतिक्रियाशील द्रव्य तयार होऊन यकृतपेशींना इजा होऊ शकते, असे प्रयोगशाळेतील अभ्यासांत दिसले आहे. मुंबईत सप्टेंबर ते डिसेंबर २०२० दरम्यान गुळवेल सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची माहिती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील इजेचे स्वरूप मात्र स्वयंप्रतिकार यकृतदाहासारखे होते. आयुष मंत्रालयाने हा संबंध अमान्य केला. रुग्णांनी घेतलेली वेल गुळवेलच होती याची खात्री केलेली नाही आणि टिनोस्पोरा क्रिस्पा ही वेल दिसण्यात तिच्यासारखीच असते, असे मंत्रालयाने म्हटले. त्यामुळे अशा प्रकरणांत वनस्पतीची अचूक ओळख, मात्रा, सेवनाचा कालावधी व सोबतची औषधे यांची नोंद आवश्यक ठरते.